सासूबाईंचं गुपित आणि भोंडल्याची खिरापत

नवरात्रातला शनिवार, बोरीवलीतली आमच्या सोसायटीची गच्ची... आणि लग्नाला जेमतेम पाच महिने झालेली मी, गळ्यात शिट्टी अडकवून उभी. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे, पण आठवलं की अजून एकटीच हसते.

सोसायटीत दरवर्षी मुलांसाठी भोंडला व्हायचा. मुलगेही यायचे, कारण खाऊ! त्या वर्षी मीटिंगमध्ये सासूबाईंनी परस्पर जाहीर करून टाकलं की खेळ आमची सून घेईल, ती सांगलीला बालवाडीत शिकवायची. मला हे त्या मीटिंगहून परत आल्यावर कळलं...

अडचण एकच होती, शनिवार संध्याकाळचा टीव्हीवरचा मराठी सिनेमा. आदल्या वर्षी सिनेमाची वेळ झाली आणि बघता बघता गच्ची रिकामी झाली. पाटावरच्या हत्तीभोवती फक्त बायका उरल्या होत्या म्हणे. यंदाही तसंच झालं असतं तर माझी शोभा झालीच असती, पण मला मिरवणाऱ्या सासूबाईंचीही झाली असती.

म्हणून मी जंगी प्लॅनिंग केलं. लिंबू-चमचा, संगीत खुर्ची, डोळे बांधून हत्तीला शेपूट लावणं... आणि ऐन सिनेमाच्या वेळेला हुकमाचा एक्का, खिरापत ओळखायची स्पर्धा. एरवी भोंडल्यात बंद डब्यात काय आहे ते मुलं ओळखतातच. मी फक्त ते वाढवलं... आठ घरांतून आठ डबे, आणि जिची खिरापत ओळखता येणार नाही तिला बक्षीस.

बायकांनी हे भलतंच मनावर घेतलं. वास बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या लावून फोडण्या दिल्या गेल्या. ऑक्टोबरच्या उकाड्यात!

सुरुवातीचे खेळ झकास झाले. मग पहिला डबा आला, वरच्या मजल्यावरच्या नेने वहिनींचा. तिखट की गोड, असं विचारत विचारत पोरं केक, खांडवी करत नूडल्सपर्यंत पोचली, पण ओळखता येईना. मी जाम खूश. झाकण उघडलं तर आत दडपे पोहे...

दुसरा डबा शेजारच्या जयाबेनचा. ढोकळा असणार याची सगळ्यांना खात्री. निघाले दडपे पोहे. तिसऱ्यातही तेच. चौथ्या डब्याला मी हात लावायच्या आत सगळी पोरं एका सुरात ओरडली, "दडपे पोहेऽऽ!" आणि बरोबर निघालं. माझ्या हुकमाच्या एक्क्याची तिथेच वाट लागली.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. जयाबेन मला म्हणाल्या, "अरे, पण तुमच्या सासूबाईनेच बोलला ना मला! फक्त तुम्हाला सांगते, दडपे पोहे करा, मुलांच्या डोक्यातच नाय येणार."

"मलापण हेच सांगितलं," नेने वहिनी म्हणाल्या. "फक्त तुला सांगते म्हणाल्या."

सगळ्या माना सासूबाईंकडे वळल्या. त्या नॅशनल पार्कच्या डोंगराकडे असं बघत होत्या की जणू तो आजच तिथे राहायला आलाय. आमच्या डब्यात काय होतं ते वेगळं सांगायला नकोच... तो सल्ला सकाळी मलाही मिळाला होता.

तेवढ्यात पोरं जिन्याकडे सरकायला लागली. कुणीतरी सिनेमा, सिनेमा म्हणालंच. सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला होता, आणि राग यायच्या ऐवजी मला एकदम त्यांची दयाच आली.

मी कचकचून शिट्टी मारली आणि ठोकून दिलं, "थांबा रे! खरा खेळ तर आता आहे. सगळ्यांना एकच पदार्थ करायला सांगा, असं मीच आईंना म्हटलं होतं. डोळे बांधायचे, घास खायचा आणि कुणाच्या घरचे पोहे ते ओळखायचं!"

मग जो काही धिंगाणा झाला... जयाबेनचे पोहे साखरेमुळे पहिल्याच घासाला पकडले गेले. नेने वहिनींच्या बंटीने आपल्याच आईचे पोहे खाऊन तोंड वाकडं केलं आणि "असे खारट आमच्याकडे नसतात" असं ठासून सांगितलं. वहिनी सोडून सगळे खो-खो हसत होते. शेवटी बायकांनीही डोळे बांधून घेतले. खाली कुणाच्या तरी खिडकीतून सिनेमाची गाणी ऐकू येत होती, पण एक पोर हललं नाही.

घरी डबे घासताना सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगं, मला वाटलं, पोरं पटापट ओळखतील आणि तुझा कार्यक्रम लगेच आटपेल. साधं काही केलं तर ओळखायला वेळ लागेल, म्हणून प्रत्येकीला तेच सांगत गेले, सगळे डबे सारखे होतील हे लक्षातच आलं नाही. तू नवीन... तुला कुणी नावं ठेवायला नकोत." मी त्यांच्या हातातला डबा घेतला आणि विसळत राहिले.

दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यापाशी त्या सगळ्यांना ऐकवत होत्या, कल्पना आमच्या सुनेची, पण निरोप पोचवायची जोखीम माझी! इतक्या आत्मविश्वासाने, की क्षणभर मलाही खरं वाटलं.

आता त्या नाहीत. माहेर सोडून आलेल्या मला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून दारोदार जाऊन एकच गुपित सांगून आलेलं माणूस... असं दुसरं मला आयुष्यात भेटलं नाही.