ताटातलं चौथं भविष्य

खरं सांगू? असले अनुभव मी चुका काढायलाच वाचते. कुणाला पांढरी साडी दिसते, कुणाला पैंजण ऐकू येतात... मी मनातल्या मनात तपासत जाते. इथे वारा असेल, इथे मांजर असेल, इथे या भल्या माणसाची बीपीची गोळी राहिली असेल! वीस वर्षं सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते आहे. त्यात आम्ही बौद्ध, घरात देवघर नाही, आणि राशीभविष्याचं पान आमच्याकडे मेथी निवडायला घेतात. तर अशी मी आज लिहायला बसले आहे. माझ्या सांगण्यात चूक सापडली तर जरूर दाखवा, मला ती खरंच हवी आहे.

गाव सोनाळा, तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलढाणा. आमच्या भागात आखाजीला – म्हणजे अक्षय तृतीयेला – घट मांडतात, हे तुम्ही पेपरात वाचलं असेल. संध्याकाळी शेतात घागर ठेवायची, भोवती तऱ्हतऱ्हेचं धान्य गोल मांडायचं आणि सकाळपर्यंत तिकडे कोणी फिरकायचं नाही. सकाळी कोणता दाणा हलला, कोणता जागेवर राहिला ते पाहून वर्षाचं भाकीत सांगतात. पाऊस, पीक, राजाची गादी, सगळं. ऐकायला ही गर्दी... पण सगळी बाप्यांची. पोरींना कोण नेतं?

म्हणून नसीमनं आम्हा दोघींचा वेगळा घट काढला.

नसीम समोरच्या घरची. तिचे अब्बा पिंजारी, गाद्या-रजया भरायचे. ती त्यांच्या हाताखाली, त्यामुळे तिच्या भुवयांवर बारा महिने कापूस. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी डी.एड. करून गावातल्याच शाळेत लागले, तरी शाळा सुटली की दप्तर टाकून तिच्या ओट्यावर. आमचा घट म्हणजे एक स्टीलचं ताट. "बाप्ये पाऊसपानी पाह्यतात, आपन बाकीचं पाहू," असं तिचं म्हणणं. बाकीचं म्हणजे मशीन, इलेक्शन आणि टीव्ही! मशीनसाठी तिच्या शिलाई मशीनची बॉबिन, इलेक्शनसाठी सुपारी, टीव्हीसाठी काचेची बांगडी. भोवती ज्वारी, तूर, मूग. आणि मधोमध आम्ही दोघी – दोन सरक्या. माझी सरकी बीटी कापसाची, दादाच्या बियाण्याच्या पाकिटातली, औषध लावून गुलाबी केलेली. बीटी तेव्हा नवीनच होतं. दादानं ते पाकीट मलकापूरहून छातीशी धरून आणलं होतं. नसीमची सरकी देशी, अब्बांच्या कापसातली, अंगावर पांढरी लव असलेली.

एका आखाजीच्या सकाळी ती ताटावर वाकून म्हणाली, "मीना, आता फोन खिशात येऊन राह्यला."

"कोणाच्या? तुझ्या अब्बांच्या?" मी खो खो हसले. गावात तेव्हा एसटीडीच्या टपरीवर रांग लागायची.

"हास तू. अन् यंदा सरपंच बाई होईन. अन् थे सिरीयलमधली मेलेली सून, थे जित्ती होऊन येईन."

सून दिवाळीच्या आत जिवंत झाली. सरपंच बाई झाली. गावाबाहेर टॉवरचा खड्डाही खणला गेला. मी म्हणाले, यात काय मोठं? सरपंचपद राखीव निघालं, आणि मेलेली सून तर प्रत्येकच सिरीयलमध्ये उठते! माझी भाकितं मात्र एकजात चुकायची. "तू दाने पाह्यतच नाही व," ती म्हणायची, "तुले जे पाह्यजे थेच पाह्यते."

चौथं भविष्य आमचं खासगी. सकाळी दोन सरक्या जवळजवळ असल्या तर वर्ष संगतीत जाणार. त्या लांब सरकल्याच नव्हत्या कधी. एका वर्षी मात्र सरकल्या, चांगल्या चार बोटं. मी म्हणाले, मुंगी असेल.  नसीमनं ताट उचललं आणि विसळून टाकलं.

दोन महिन्यांनी कळलं. फोमच्या तयार गाद्या आल्यापासून अब्बांच्या हाताला काम नव्हतं, आणि सगळं बिऱ्हाड मामूकडे बऱ्हाणपूरला चाललं होतं. टेम्पो भरायच्या दोन दिवस आधी तिनं मला हे सांगितलं. मी अशी भडकले! "गावभराचं भविष्य सांगतेस आणि हे सांगता येत नव्हतं?"

"सांगतलं असतं त हे दोन महिने तू मायाशी बोलली असती का?"

नसते बोलले. मला चांगलं ओळखत होती ती.

"मलकापूरपावतर चाल ना संग," ती म्हणाली. "टेम्पोत सामान जाईन, आम्ही गाडीनं. गाडी येईपावतर बसू दोघी ठेसनावर."

मी गेले नाही. शाळेत काम आहे म्हणाले. काम कसलं? सुटीच्या दिवशी रिकाम्या वर्गात बसून नकाशे गुंडाळत होते. बाहेर टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला तरी उठले नाही. हट्टी आहे मी, लहानपणापासून.

तिचं एक पत्र आलं. मी रागात उत्तर लांबवलं, आणि शेवटी लिहिलं ते पत्ता सापडला नाही म्हणून परत आलं. पुढे माझं लग्न झालं. मिस्टर गावातच दवाखान्यात कंपाउंडर, आणि दादा मळ्यात राहायला गेल्यामुळे आम्ही माझ्या माहेरच्याच घरात राहिलो. पुढे फोन आला, फेसबुक आलं, तिथे नसीम नावाच्या शेकडो बाया... आमची नसीम त्यात नव्हती. तिचं घर गोकुळामावशीनं विकत घेतलं. मावशी देऊळगावकडची, चांगली बाई, पण संध्याकाळी त्या ओट्यावर तिला बसलेलं पाहिलं की मला विनाकारण तिचा राग यायचा.

आखाजीला ताट मात्र मांडत राहिले. आता दोन सरक्या ताटाच्या दोन टोकांना. मिस्टर चिडवायचे, "काय हो विज्ञानाच्या बाई, हे काय चाललंय?" मी म्हणायचे, प्रयोग आहे. प्रयोगच होता, फक्त मला उत्तर एकच पाहिजे होतं. सरक्या कधी जागेवर, कधी थोड्या इकडेतिकडे. मिस्टर म्हणायचे उंदीर, आणि त्यांचं बरोबर असणार.

मग बोंडअळीचं ते वर्ष आलं. बीटीला अळी लागत नाही म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली. बोंड फोडलं की आत गुलाबी वळवळ. दादानं फरदड, म्हणजे त्याच झाडांचा पुन्हा घेतलेला बहर, तर सोडाच, दुसरी वेचणीसुद्धा केली नाही, कापसाच्या उभ्या पऱ्हाटीत गुरं सोडली. गावातली कितीतरी घरं कामाला सुरतेकडे, पुण्याकडे गेली. माझ्या सातवीच्या वर्गात मागचे तीन बाक रिकामे झाले. हजेरी घेताना मी त्या बाकांकडे पाहायचे आणि मला नसीम आठवायची. वाटायचं, एकदा, फक्त एकदा समोर येऊ दे. भांडू दे मला तिच्याशी.

त्या हंगामानंतरच्या आखाजीला मी ठरवलं की प्रयोग नीट करायचा. ताटात ज्वारीच्या पिठाचा पातळ थर दिला, पाटीसारखा सपाट. मुंगी चालली तरी रेघ उठणार. त्यावर दाणे, बॉबिन, सुपारी, बांगडी आणि टोकांना दोन सरक्या. मधलं अंतर वीत-सव्वा वीत. ताट परातीत वाटीवर ठेवलं, परातीत पाणी भरलं. ही सगळी वरात लोखंडी कपाटात. कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या ब्लाऊजला पिनेनं लावलेली. दुसरी किल्ली नाही, ती कधीच हरवली आहे.

आणि वहीत भाकितं लिहिली. मशीन : लोकांना मोबाइलचा कंटाळा येईल, पुन्हा पत्रं लिहितील. इलेक्शन : मतं मागायला येतील ते नाल्यावरचा पूल बांधूनच येतील. टीव्ही : सासूबाईंची ती सिरीयल एकदाची संपेल. तुम्ही हसाल, पण मी मनापासून लिहिलं होतं.

सकाळी सात वाजता, चहा ठेवून, मी कपाट उघडलं. ऊन आत पडलेलं. सगळं होतं तिथे होतं, दाणा न् दाणा. फक्त लव असलेली सरकी टोकाला नव्हती. ती दुसऱ्या टोकाला, गुलाबी सरकीला चिकटून होती.

पिठावर रेघ नव्हती. मी भिंग आणलं शाळेचं. जिथे ती आधी ठेवली होती तिथे तिच्याएवढा खळगा होता, आणि मध्ये पीठ जसंच्या तसं सपाट... मिस्टरांना हाक मारली. ते पाहत राहिले. उंदीर म्हणाले नाहीत. चहा उतू गेला तो वेगळाच.

मी मान्य करते, त्या दिवसापासून मी विज्ञानाची बाई राहिले नाही. वर्षभर वाट पाहिली. पुतण्याचं लग्न नागपूरला, गेले नाही. उन्हाळ्यात सासरी, सासूबाईंकडे, गेले नाही. आम्ही घरी नसताना ती आली तर? मिस्टर वैतागले, "अहो, बाजारात तरी चला!" चार नवे कप आणून ठेवले. दारात रिक्षा थांबली की मी हातातलं काम टाकायचे. पावसाळा गेला, दिवाळी गेली, होळी गेली. कोणी आलं नाही.

चैत्रात निवडणूक लागली आणि माझ्या नावाची ऑर्डर आली. आम्हा शिक्षकांना इलेक्शन ड्यूटी चुकत नाही, आणि ती आपल्या गावातही देत नाहीत. माझं केंद्र मेहकरकडच्या एका खेड्यात. रद्द करायला तहसीलमध्ये गेले. साहेब म्हणाले, "कारण काय, मॅडम?" काय सांगणार? सरकी सरकली म्हणून? मुकाट्यानं बॅग भरली. वर्षभरात दोनच दिवस मी मुक्कामाला गावाबाहेर होते, आणि मिस्टर दवाखान्यात.

तीन आठवड्यांनी पुन्हा आखाजी आली. मुदत संपली. वही उघडली तर मोबाइलचा कंटाळा कोणाला आला नव्हता, पूल झाला नव्हता, सिरीयलमध्ये सुनेची सून आली होती. चारही भाकितं चुकली म्हणून मी वहीवर लाल पेनानं फुली मारली. ताट मांडलं नाही. मोठ्यानं रडलेसुद्धा, सांगायला लाज कसली.

पुढच्या आठवड्यात गच्चीवर मी आणि गोकुळामावशी कुरडया घालत होतो. सोऱ्या दाबता दाबता मावशी म्हणाली, "मीना, थ्या वोटिंगच्या दिवशी एक बाई आलती व तुयाकडं. सांगाचंच राह्यलं."

"कोण बाई?"

"मुसलमानाची होती. आधी शाळेत गेलती तुले पाहाले. तिथं पोलिसानं आत जाऊ देल्लं नाही, मतदान सुरू होतं ना. मंग इकडं आली. तुयं कुलूप पाहून माह्या ओट्यावर बसली, लय वेळ. पानी देल्लं मी. नणदेच्या पोरीच्या लग्नाले जळगाव जामोदले आलती म्हने. तिथून मुद्दाम आली."

माझ्या हातातलं पातेलं मी खाली ठेवलं. "काय म्हणाली? मावशी, नीट आठव."

"काही नाही वो. एवढंच इचारलं, मीना अजून रागात हाये का म्हने."

"मग? तू काय सांगितलं?"

"मी म्हनलं, कायचा राग बाप्पा! मीना मजेत हाये. नोकरी हाये, नवरा चांगला हाये. मांगचं काही काढत नाही ते कधी, कोनाचं नावसुदिक घेत नाही. त हासली. मंग बरं हाये म्हने, अन् उठली. म्या म्हनलं, फोन नंबर त देऊन जाय. त नाही म्हने, राहू द्या."

मावशी खोटं बोलली नव्हती. इतक्या वर्षांत मी तिच्यासमोर नसीमचं नाव एकदाही काढलं नव्हतं. मिस्टरांसमोरसुद्धा क्वचितच. मी सगळं ताटात मांडत बसले होते, तोंडानं कोणाला बोललेच नव्हते.

जळगाव जामोदला तीन फेऱ्या मारल्या. त्या दिवसांत लग्न झालेली घरं विचारत फिरले. एका गल्लीत शेजारी म्हणाले, हो, बऱ्हाणपूरचे पाहुणे होते, पण लग्नघरची माणसंच आता तिथे राहत नाहीत. पुढे धागा लागला नाही.

ती सरकी कशी सरकली ते मला आजही माहीत नाही. स्थिर विद्युत, पिठातला ओलावा, कपाटाला बसलेला धक्का... सगळं तपासलं. बाकीचा एक दाणा हलत नाही, पिठावर रेघ उठत नाही आणि एकच बी वीतभर जातं, याचं उत्तर माझ्या कोणत्याही पुस्तकात नाही. तुमच्याकडे असेल तर लिहा, मी वाचेन. पण माझी झोप त्यानं उडत नाही.

आता मी बोलते. भाजीवालीजवळ, एसटीत शेजारी बसलेल्या बाईजवळ, शाळेतल्या शिपायाजवळ, गोकुळामावशीजवळ तर रोज. त्यांना सांगून ठेवलं आहे, नसीम नावाची माझी मैत्रीण आहे, मला तिची फार आठवण येते, आणि मी मजेत नाही. पुन्हा कोणी विचारायला आलंच, तर एवढं सांगा आणि मी येईपर्यंत तिला उठू देऊ नका.