अंदाजे सर

अख्ख्या नाशिकमध्ये 'नक्की' हा शब्द न उच्चारता जगलेला एकच माणूस मला माहीत आहे, आणि या शहराने त्याला त्याची पुरेपूर शिक्षा दिली. हा माझा मित्र. अभ्यासिकेत आम्ही समोरासमोरच्या टेबलांवर बसायचो. मी पत्रकं लिहायचे, तो पीएच.डी.चा प्रबंध. माझे वडील कामगार संघटनेत. आमच्या घरी पाहुण्याला चहाआधी पत्रक मिळायचं, त्यामुळे जगात एक बाजू बरोबर असते आणि दुसरी चूक, हे मला शाळेत जाण्याआधीच ठाऊक होतं. त्याचे अब्बा मालेगावात यंत्रमागावर. धागा कधी तुटेल ते कुणालाच सांगता येत नाही, हे तो घरून शिकून आला होता.

उद्या येशील का विचारलं की म्हणायचा, "ऐंशी टक्के." चहा चांगला झालाय का? "बहुधा." एकदा सीबीएस बसस्टँडवर रिक्षावाल्याने नाशिकरोडला वीस मिनिटं लागतील म्हणून सांगितलं, तर हा म्हणाला, "वीस ते पंचावन्न म्हणा, म्हणजे खोटं ठरणार नाही." रिक्षावाला म्हणाला, "साहेब, बसायचंय का नाय, तेवढं सांगा." पुढे त्याचे विद्यार्थी त्याला 'अंदाजे सर' म्हणू लागले आणि त्याला ते मनापासून आवडलं. त्याचा विषयच तसा होता, प्रोबॅबिलिस्टिक प्रोग्रॅमिंग. मला त्याने तो चहाच्या टपरीवर समजावला होता. साधा प्रोग्रॅम एक उत्तर देतो आणि छाती फुगवून उभा राहतो. याचा प्रोग्रॅम म्हणतो, आत्तापर्यंत दिसलं त्यावरून हे उत्तर इतपत खरं वाटतंय. नवीन काही दिसलं तर मत बदलीन. "तुझ्या पत्रकांच्या बरोबर उलटं," तो म्हणाला. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

पीएच.डी. झाल्यावर तो एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवू लागला. तासिका तत्त्व म्हणजे जूनमध्ये बोलवायचं, एप्रिलमध्ये विसरायचं आणि मधल्या काळात 'सर' म्हणायचं. चार वर्षांनी तिथे संगणकशास्त्राची एक कायम जागा निघाली. ती त्याला हवी होती. इतकी, की सलग तीन दिवस तो दाढी करून आला. कायम झाला असता तर पोरांना हाताशी घेऊन तो आपला विषय इथेच, नाशिकमध्ये उभा करणार होता. मालेगावहून अम्मीचा फोन आला, "पक्की हो गई क्या रे नौकरी?" हा म्हणाला, "पैंतीस परसेंट, अम्मी." पलीकडून आनंदाने आवाज आला, "अल्लाह का शुक्र! पैंतीस में तो पास हो जाते हैं!" त्याने ते तसंच राहू दिलं.

छाननी समितीने प्रबंधाच्या शीर्षकावर बोट ठेवलं. "प्रोबॅबिलिस्टिक म्हणजे स्टॅटिस्टिक्स ना हो? मग तिकडे जा." तो स्टॅटिस्टिक्स विभागात गेला. तिथल्या बाई म्हणाल्या, "अहो, पुढे प्रोग्रॅमिंग लिहिलंय की! तुम्ही कॉम्प्युटरवाले." पुन्हा समितीपुढे. अध्यक्ष वैतागले. "एक काय ते सांगा. तुमचा विषय कॉम्प्युटरचा आहे की नाही?" दुसरा कुणीही 'हो सर' म्हणून मोकळा झाला असता. याने प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाला, "साधारण ऐंशी टक्के." अर्जावर शेरा पडला : 'उमेदवारास स्वतःच्या विषयाबाबत खात्री नाही. अपात्र.'

ज्यांना स्वतःला जागा मिळाली तेव्हा कुणी विषय विचारला नव्हता, फक्त आडनाव विचारलं होतं, ते आता याला खात्री विचारत होते!

"हा कट आहे," मी म्हटलं.

"अगं, कट करायला चार माणसांनी एकत्र बसून विचार करावा लागतो. एवढे कष्ट त्यांनी घेतले असतील, असं वाटत नाही."

"तुझं नाव बघितलं त्यांनी, नाव!"

"तेही असेल. तीस टक्के."

"लाज वाटू दे! स्वतःवरच्या अन्यायाचेही टक्के काढतोस?"

"काढतो. म्हणजे उरलेल्या सत्तर टक्क्यांशी बोलता येतं."

आणि तो खरंच बोलत होता. विषय संगणकशास्त्राचाच आहे, असं विद्यापीठाचं पत्र त्याने आणलं, प्राचार्यांना भेटला, आणि त्यांनी फेरछाननी करायचं कबूल केलं. मला म्हणाला, "आठवडाभर काही छापू नकोस." मी तिसऱ्या दिवशी छापलं. त्याचं नाव घातलं नाही, एवढी अक्कल मला होती. 'प्रोबॅबिलिस्टिक प्रोग्रॅमिंगमध्ये पीएच.डी. मिळवलेला एक तरुण' असं लिहिलं. नाशिकमध्ये असा तरुण एकच होता. कॉलेजच्या फाटकावर मी स्वतः उभी राहून पत्रकं वाटली. फेरछाननी झाली नाही, आणि त्या जूनमध्ये त्याला तासिकांनाही कुणी बोलावलं नाही.

त्याने पत्रक शांतपणे वाचलं, दुसऱ्या परिच्छेदातली शुद्धलेखनाची चूक दाखवली आणि महिन्याभरात तो हैदराबादला गेला. आता एका विमा कंपनीसाठी कोण माणूस कधी आजारी पडेल याचे अंदाज काढतो. उत्तम काढतो म्हणे. माझ्या पत्रकातला एकही शब्द खोटा नव्हता, हे मी आजही कुणालाही तोंडावर सांगेन. शेरा तसाच होता, समिती तशीच होती, आजही तशीच आहे. फक्त खऱ्या शब्दांनीही माणसाचं घर उठू शकतं, हे आमच्या घरच्या कुठल्याच पत्रकात छापलेलं नव्हतं.

परवा द्वारका चौकात रस्ता ओलांडायला थांबले होते, तर त्याची एक विद्यार्थिनी भेटली. "ताई, सरांनी आमचा प्रोजेक्ट अर्धाच समजावला होता. नवीन सर म्हणतात, हे सिलॅबसमध्ये नाही, सोडून द्या. आम्ही तिघींनी अजून सोडलेला नाही. सर येतील ना परत?"

"येतील," मी म्हटलं.

जन्मात पहिल्यांदाच मी अशी गोष्ट ठासून सांगितली, जिच्यावर माझा स्वतःचा विश्वास नव्हता. तिचा बसला. ट्रकांमधून वाट काढत ती पलीकडे गेली, आणि मी बराच वेळ अलीकडेच उभी राहिले.