अर्ध्या पुस्तकाची वसुली

आमच्या सोसायटीत जिन्याखाली मुलांच्या पुस्तकांचं कपाट आहे. आधी तिथे मोडक्या सायकली पडलेल्या असायच्या. त्या हलवायला लावल्या, दारोदार फिरून लोकांच्या रद्दीतली गोष्टींची पुस्तकं मागून आणली आणि मी ते कपाट उभं केलं. मिरवायला नाही सांगत. पुढे माझं डोकं का फिरलं ते कळावं म्हणून सांगते.

कपाट सुरू होऊन महिना झाला नसेल, कमिटीने नियम काढला. पुस्तक घरी न्यायचं ते फक्त फ्लॅटमालकांच्या मुलांनी, भाडेकरूंच्या नाही. का? तर "ते आज आहेत, उद्या नाहीत. पुस्तकं घेऊन गेले तर कुठे शोधत बसायचं?" मी मीटिंगमध्ये उभी राहून म्हटलं, "अहो, कालपर्यंत हीच पुस्तकं किलोवर विकणार होतात, आज त्यांची एवढी माया?" सेक्रेटरी नुसते हसले. हात वर करून मतं घेतली, तर माझ्या बाजूने माझ्या एकटीचा हात. ज्यांची मुलं माझ्याकडे पोहे खाऊन जातात, त्या बायासुद्धा खाली बघत बसल्या. मेल्यांना जराही लाज वाटली नाही.

आणि माझ्या लेकीची जिवाभावाची मैत्रीण नेमकी भाडेकरूंची. तिसऱ्या मजल्यावर राहायची. वडील एका कारखान्यात मशीनवर, आई पार्लरमध्ये. दोघी पोरी पाचवीत, एकाच बाकावर. त्यांनी नियमावरून रडारड केली नाही. लेक स्वतःच्या नावावर पुस्तक घ्यायची आणि दोघी जिन्यात बसून मोठ्याने वाचायच्या, एक पान हिने, एक पान तिने. एकटीने पुढचं वाचायचं नाही, अशी गळ्याची शप्पथ.

त्या पावसाळ्यात त्यांनी एक जाडजूड पुस्तक धरलं होतं. डोंगरावर शेळ्या राखणारे दोन मित्र, दुष्काळ पडतो, त्यातल्या एकाच्या घरचे गाव सोडायचं ठरवतात, अशी काहीतरी गोष्ट. मी भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना कानावर पडायची. एकदा बघते तर दोघी वाचायचं सोडून भांडतायत, कुठली शेळी कुणाची यावरून. "ए, काळी माझी आहे हां, पहिल्यापासून!" मला हसू आवरेना.

मग अकरा महिन्यांचा करार संपला. मालकाने भाडं वाढवून मागितलं, ते त्यांना झेपणारं नव्हतं. एका सकाळी टेम्पो आला, गाद्या, पंखा, मिक्सर चढला आणि माणसं चिंचोटीकडच्या एका चाळीत राहायला गेली. लेक गॅलरीतून हात हलवत राहिली. रडली नाही. मला वाटलं, चला, पोर समजूतदार आहे.

कसली समजूतदार! रविवारी कपाट आवरताना ते जाड पुस्तक हाताला हलकं लागलं. उघडलं तर अर्ध्यातून उभं फाडलेलं. शिवणीचे दोरे लोंबतायत.

"हे कुणी केलं?"

"मी," लेक म्हणाली. "मागचं आमचं वाचून झालंय. पुढचं तिला दिलं."

"अगं, पुस्तक आहे की पाव, अर्धा अर्धा तोडायला? आणि मग तू काय वाचणार?"

"ती मला बोलावणार आहे."

मी वाट्टेल ते बोलले तिला. तोवर सेक्रेटरींना वास लागलाच. ग्रुपवर फोटो टाकला, "म्हणूनच सांगत होतो." मी तडक त्यांच्या दारात. म्हटलं, "फाडलंय माझ्या पोरीने. मालकाच्या पोरीने! आता बोला." तर हा गृहस्थ शांतपणे म्हणतो, "वहिनी, फाडलं कुणीही असेल, कारण तर भाडेकरूच ना?" आग मस्तकात गेली माझ्या. वर कपाटाला कुलूप ठोकलं. अर्धं पुस्तक परत आणा, मग उघडू. दुसऱ्या दिवसापासून बिल्डिंगमधली बारकी पोरं काचेला नाक लावून उभी, आणि जाता-येता मलाच विचारणार, "काकू, कधी उघडणार?"

आलिया भोगासी असावे सादर. पुढच्या रविवारी कापडी पिशवी घेतली, लेकीला घेतलं आणि रिक्षा केली. मनाशी ठरवलं होतं, आज बसून वाचून संपवा एकदाचं आणि ते अर्धं माझ्या ताब्यात द्या. हायवेला चिंचोटीच्या धबधब्यावर निघालेल्या बाईकवाल्यांची ही गर्दी. रिक्षा जागची हलेना, रिक्षावाला हॉर्न वाजवून माझं डोकं उठवतोय, आणि लेक आपली खुशीत.

चाळीसमोर डोंगर अगदी अंगावर आल्यासारखा. लेक म्हणाली, "आई, पुस्तकातला असाच आहे, फक्त तो सुकलेला." मैत्रीण धावत आली. अर्धं पुस्तक तिने दुधाच्या पिशवीत गुंडाळून ठेवलं होतं, ओल लागू नये म्हणून.

"किती वाचलंस गं?" मी विचारलं.

"काकू, एकटीने कसं वाचू? शप्पथ आहे ना!"

दोघी उंबऱ्यावर बसल्या. तिच्या आईने मला चहा दिला. म्हणाली, "ताई, पोरगी रोज विचारते, तुम्ही कधी येणार. इथे शाळेत अजून कुणाशी बोलत नाही." मी पिशवी हळूच पदराखाली सरकवली. चहा झाला, गप्पा झाल्या, पुन्हा चहा झाला. दोघींचं एक पान काही उलटेना. वाचायच्या चार ओळी, की शेळ्यांवरून भांडण, मग डोंगरात तशी शेळी दिसते का म्हणून बघायचं, मग पुन्हा पहिल्यापासून तेच पान. माझा धीर सुटला. लेकीला बाजूला घेऊन म्हटलं, "एरवी धडे धडाधड वाचतेस, आज काय झालं? आटप, परत जायचंय."

ती खाली बघत म्हणाली, "आई, पुस्तक संपलं की तू मला इथे परत आणशील?"

खरं सांगते, नव्हते आणणार. रिकामी पिशवी घेऊन घरी आले. कुणावर चिडू तेच कळेना.

कपाटाला अजून कुलूप आहे. सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटले की विचारतात, "वहिनी, एवढंसं पुस्तक, अजून होत नाही वाचून?" मी म्हणते, नाही होत. जमेल त्या रविवारी लेकीला चिंचोटीला नेते. तिकडचा करारही अकरा महिन्यांचाच आहे, आणि पोरी पानं पुरवून पुरवून वाचतायत.