दिल्लीचा कंडक्टर जागेवरून उठत नाही

साताऱ्याच्या स्टँडवर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला एसटीत बसवलं आणि कंडक्टरला सांगितलं, "मास्तर, पोरगं दिल्लीला चाललंय. पुण्यात स्टेशनपाशी उतरवा." मास्तरांनी खरंच हाक मारून उतरवलं. असं सांभाळून नेणारं माणूस मला त्यानंतर भेटलं नाही.

तुम्ही गावाकडचे विचारता, दिल्ली कशी आहे. उद्धट आहे. खोली सरोजिनी नगरात, नोकरी गुडगावच्या नव्या काचेच्या इमारतीत आणि मधे खासगी बस. तिचा कंडक्टर मागच्या दाराशी सीटवर बसून पत्र्यावर थापा मारायचा, ओरडायचा, "अबे चढ ना, बारात में आया है क्या?" पहिल्या दिवशी मी पुढे बसून तिकिटासाठी त्याची वाट बघितली. तो येणारच, असं आपल्याला वाटतं. इथे कंडक्टर जागेवरून उठत नाही. उतरताना त्याने माझी कॉलर धरली. "फोकट में घूमेगा?" सगळी बस बघत होती. महिनाभरात मीही तसाच बोलायला लागलो. त्याशिवाय निभाव नव्हता, आणि खरं सांगतो, मजाही यायची.

चार वर्षांनी अण्णा आले. ऑफिस दाखवायला त्यांना त्याच बसने नेलं. त्यांना पुढे जागा मिळाली, मी दारात लटकलेला. मी तिकिटं काढायच्या आत त्यांनी मागे वळून हाक मारली, "मास्तर, इकडे दोन द्या."

कंडक्टर खेकसला, "ओ ताऊ, नौकर हूँ तेरा?" बस हसली. मी त्याला चकार शब्द बोललो नाही. अण्णांवरच ओरडलो, "उठो ना यार, दिमाग मत खाओ!"

अण्णा उठले, दांडा धरत धरत मागे आले, तिकिटं घेतली, माझं माझ्या हातात दिलं. परत जाताना स्टेशनवर एवढंच म्हणाले, "रागव बाबा. पण मला तरी आपल्या भाषेत रागव."

या शहराला मी माफ केलेलं नाही. स्वतःला तर नाहीच.

आता अण्णा नाहीत. परवा साताऱ्याच्या स्टँडवर एसटीत बसलो आणि गाडी हलताच नोट मुठीत धरून, लोकांना ढकलत कंडक्टरकडे निघालो. "बसा की हो, मी येतोय," तो म्हणाला. आला. मला 'मास्तर' म्हणायचं होतं, तोंडातून 'भाईसाब' निघालं.

"पाव्हणं, कुठले म्हणायचे तुम्ही?"

मला घर म्हणजे तोच स्टँड. तो अजून मागच्या काचेतून दिसत होता. मी नोट पुढे केली आणि तिकीट घेतलं.