विहिरीचं वळण

तुमच्या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या एकावरही माझा विश्वास बसलेला नाही. तालुक्याच्या वाचनालयात मी सव्वीस वर्षं ग्रंथपाल होते. भुताखेतांची पुस्तकं कपाटात लावली, लोकांना दिली, फाटली तेव्हा चिकटवली... घरी मात्र एकही नेलं नाही. आजही माझं मत फारसं बदललेलं नाही. फक्त एक गोष्ट अशी आहे, जी कुठल्या कपाटात लावावी ते मला अजून कळलेलं नाही. हल्ली लवकर थकते, म्हणून रोज थोडं थोडं लिहिते आहे.

नव्वदच्या दशकातली, भोकरदनची ही गोष्ट. मी, माझा धाकटा भाऊ दिगंबर, त्याची बायको सुनंदा आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी मंजू – असे आम्ही चौघं एका घरात राहत होतो. मी लग्न केलं नव्हतं. दिगू हसनाबादकडच्या एका शाळेत भूगोल शिकवायचा, रोज एसटीने जाऊन येऊन.

पावसाचं पाणी कसं वाहतं आणि कसं अडवायचं हे मुलांना समजावं, म्हणून त्याने एक खेळ बनवला होता. जुन्या रजिस्टरांच्या पुठ्ठ्याचे अठ्ठेचाळीस चौकोनी तुकडे. कुणावर डोंगरमाथा, कुणावर गवताचा उतार, शेत, बांध, नाला. सुनंदाने शिवलेल्या कापडी पिशवीतून न बघता एकेक तुकडा काढायचा आणि पाटावर आखलेल्या घरांत आधीच्या तुकड्यांना जुळवून लावायचा. नाल्याला नाला, शेताला शेत. आलेला तुकडा जुळत असेल तिथे लावायचाच, परत टाकायचा नाही. आपापल्या डोंगराचं पाणी अडवायचं. ज्याचं पाणी पाटाबाहेर गेलं तो हरला. एका तुकड्यावर नाल्याचं वळण होतं आणि वळणात विहीर. असा तो एकच. त्याच्यावरचा पाण्याच्या दिशेचा बाण दिगूने आधी उलटा काढला होता आणि मग पेपर तपासावा तसा लाल शाईने खोडून सरळ केला होता. ज्याच्या नाल्याला ही विहीर लागली, त्याने डाव जिंकला.

शाळेत एक संच होता, घरी एक. रविवारी दुपारी आम्ही दोघं खेळायचो.

त्या रविवारी मी पिशवीत हात घातला आणि विहिरीचं वळण आलं. ते फक्त दिगूच्या नाल्याला जुळत होतं. म्हणजे माझ्याच हाताने त्याला जिंकवायचं! तो पाणी प्यायला उठला होता. मी तुकडा मांडीवरच्या कादंबरीत सरकवला आणि दुसरा काढला. चव्वेचाळीस वर्षांची बाई मी... त्याची जरा फजिती करायची, एवढंच मनात होतं.

शेवटी पाटावर एक घर रिकामं राहिलं. दिगूने दोनदा मोजलं.

“अक्का, विहिरीचं वळण कुठंय?”

“मला काय माहीत? मास्तर तू.”

“सत्तेचाळीसच आहेत. सकाळी पिशवी कुणी घेतल्ती?”

मंजूने घेतली होती, भातुकलीसाठी. ती दारातूनच म्हणाली, “मी सगळे परत ठेवले पप्पा. शप्पथ.”

“वरून खोटं बोलून राह्यली?” म्हणत त्याने तिच्या पाठीत धपाटा घातला. एरवी तो मुलीवर हात उचलत नसे. ती रडली नाही.

मी तेव्हा एक वाक्य बोलायला हवं होतं. लाजेने बोलले नाही. सकाळी गुपचूप पाटाखाली ठेवून देऊ आणि सापडला म्हणून सांगू, असं ठरवलं.

सकाळी दिगू पहिल्या गाडीने गेला तेव्हा मंजू झोपलेली होती. मला उशीर झाला होता. कादंबरी उचलली आणि वाचनालय गाठलं. पिंपळगाव रेणुकाईचे कडुबामामा दारातच उभे. पंधरा दिवस त्या कादंबरीसाठी चकरा मारत होते.

“झाली का न्हाई वाचून, मॅडम? मंग द्या की, जल्दी. गाडी निघंल माझी.”

नोंद केली, दिली. अर्ध्या तासाने तुकडा आठवला. दुपारी एकच्या सुमारास शाळेतून निरोप आला... दिगू वर्गातच कोसळला होता. हृदयविकार. एकोणचाळीस वर्षांचा होता.

पुढचे तेरा दिवस माणसांचे होते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला गावातच राहणारी सुनंदाची आई सांगायची, “आदल्या दिवशी पोरीनं काहीतरी हरवलं, तो राग डोक्यात घेऊनच गेला बिचारा.” म्हातारीच्या मनात वाईट नव्हतं. पण मंजू तिथेच बसलेली असायची. तेरावा झाल्यावर पोर शाळेतून आली की तो तुकडा घरभर शोधायची. गादीखाली, पिठाच्या डब्यामागे, मोरीच्या जाळीपाशी. मला म्हणायची, “आत्या, ट्रंक जरा सरकवतेस का?”

आणि मी सरकवायची.

कडुबामामांनी महिन्याभराने कादंबरी परत आणली. मी आधी पानं झाडली.

“यात एक पुठ्ठा होता, मामा. चौकोनी.”

“व्हता की. लाल शाईनं खोडलेला. मला वाटलं कुण्या पोराचं नापासाचं कार्ड! आमच्या मंडळीनं चूल पेटवायला घेतला. तुमचं पुस्तक वाचलं, त्यात बरं माना.”

ते हसले. मीही हसले असेन.

त्यानंतर मी तो खेळ एकटीच खेळायला लागले. दर गुरुवारी वाचनालय बंद असायचं. सुनंदा शिवणाच्या वर्गाला जायची, मंजू शाळेत. दुपारी पाट मांडायचा, सत्तेचाळीस तुकडे मोजून पिशवीत टाकायचे. उजव्या हाताने माझा तुकडा, डाव्या हाताने दिगूचा. विहीर नसल्यामुळे दोघांचंही पाणी बाहेर जायचं. शेवटी एक घर रिकामं राहायचं. मग सगळं उचलून ठेवायचं. त्यात करमणूक नव्हती, की त्याची आठवणही धड येत नव्हती... दुपार जायची, एवढंच.

असे चार महिने गेले. मग त्या गुरुवारी – मी नेहमीसारखेच सत्तेचाळीस मोजले होते. मोजण्यात माझी चूक होत नाही. तो माझा धंदाच होता. सगळे लावून झाले. रिकामं घर दिगूच्या नाल्याच्या तोंडाशी होतं. पाळी त्याची होती, म्हणून केवळ सवयीने मी डावा हात रिकाम्या पिशवीत घातला.

बोटांना पुठ्ठा लागला.

नाल्याचं वळण, वळणात विहीर, उलटा बाण, त्यावर लाल शाई. जळल्याची खूण नाही. नवाही नव्हता, कोपरे वापराने मऊ झालेले होते. मी तो रिकाम्या घरात ठेवला. बरोबर बसला. तीन वेळा मोजलं. अठ्ठेचाळीस. भीती वाटली नाही. फार दमल्यासारखं वाटलं, अन् भिंतीला टेकून बसले.

चार-साडेचारला मंजू आली. दप्तरही न काढता पाटापाशी थांबली.

“आत्या! कुठं सापडलं?”

मला किती सोपं करून दिलं होतं बघा. मी म्हणाले, “पिशवीतच होतं गं. शिवणीत अडकलेलं. तू काही हरवलं नव्हतंस.”

आता तिचा चेहरा खुलेल, असं मला वाटलं. तिने तुकडा उचलून उलटसुलट पाहिला, आणि अगदी कोरडेपणाने म्हणाली, “म्हंजे पप्पांनी नीट बघितलंच न्हाई. मला फुकटच मारलं.”

इतके महिने तिने बापाविरुद्ध एक शब्द काढला नव्हता. आज माझ्या खोट्याने तो दोषी ठरला होता, आणि आपली बाजू मांडायला तो नव्हता.

मी तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. कादंबरी, कडुबामामा, चूल. शेवटी ती म्हणाली, “मी ट्रंक सरकव म्हणायची, तेव्हा तुला माहीत होतं?”

“हो.”

ती उठली. वाटलं, आता आपल्याशी कधी बोलणार नाही. पण तिने माझा हात धरून ओढला. “चल. आईला सांग. आजीला सांग. शेजारच्या काकूला पण. आजीनं सगळ्यांना सांगितलंय.”

गेलो आम्ही. त्या संध्याकाळी मी तीन घरांत उभी राहून तेच सांगितलं. सुनंदाने ऐकलं आणि पोरीला जवळ घेतलं. माझ्याकडे बघायला तिला पुढे बरेच दिवस लागले. म्हातारी म्हणाली, “अगं बाई, एवढ्याशा पुठ्ठ्यापायी!”

पुढे मी पिंपळगावला जाऊनही आले. कडुबामामांच्या बायकोने शपथेवर सांगितलं, “मीच घातला बाई चुलीत, माझ्या हातानं.” दिगूने दुसरा तुकडा बनवला म्हणावं, तर त्याला वेळ मिळाला कधी? शाळेतल्या संचाची चौकशी केली. तो पूर्ण होता, आणि त्यातल्या विहिरीचा बाण सरळ होता, न खोडलेला. पिशवीला सुनंदाने हात लावला नव्हता. मंजू तर तो घरभर शोधत होती. याउपर माझ्याकडे काही नाही. कुणाला काही सुचलं तर जरूर लिहावं.

शेवटच्या घरून परतताना मंजूने विचारलं होतं, “आणि पप्पांना कोण सांगणार?”

“त्याला कळलंय,” असं मी बोलून गेले. तिने मान हलवली आणि माझा हात सोडून पुढे चालू लागली. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. पण तेवढं एक वाक्य मी आजवर मागे घेतलेलं नाही.