उरलेल्या गोळ्या

उपदेश करायला मला ओळख लागत नाही. परवा सरकारी दवाखान्यात माझ्या साखरेच्या तपासणीसाठी बसलो होतो. शेजारच्या बाईंच्या मांडीवर गोळ्यांची पाकिटं, निम्म्याहून अधिक भरलेली. मी लगेच सुरू झालो, "मावशी, औषध असं चुकवायचं नसतं. म्हणूनच आजार बरे होत नाहीत."

"माझ्या न्हाईत, दादा. मालकांच्या. क्षयाचं नवं औषध इथं तपासून बघत्यात, त्यात होते ते. उरलेल्या गोळ्या परत आणा म्हणाले होते, म्हणून एसटीनं आले. मालक मागल्या सोमवारी गेले."

तेवढ्यात सिस्टर आल्या, त्यांनी पाकिटं घेतली.

"दुसऱ्या कुणाला द्याल ना?" बाईंनी विचारलं.

"तशा नाही देता येत, मावशी. पण त्यांना कसा गुण आला, काय त्रास झाला, ते लिहून ठेवतो. पुढच्या पेशंटना उपयोग होतो."

"मग नीट लिहा. शेवटपर्यंत एक गोळी चुकवली न्हाई त्यांनी."

माझ्या गोळ्यांच्या खोक्यात बारीक अक्षरांत औषधाचे गुण-त्रास लिहिलेला घडीचा कागद असतो. मी तो न वाचताच फेकतो. त्यातल्या एखाद्या ओळीसाठीही कुणीतरी एसटीनं असंच आलं असेल, मांडीवर पाकिटं घेऊन.

घरी सगळं सांगितलं, माझ्या आगाऊपणासकट. बायको हसेल असं वाटलं होतं. ती भाजी निवडायची थांबली.

"अहो, रोज ठरल्या वेळेला गोळी द्यायची सवय झाली असेल हो तिला," ती म्हणाली. "आता ती वेळ झाली की काय करत असेल?"