वकिलीचं म्हातारं टेबल

घोडेगावात मी स्वतःचं ऑफिस थाटलं तेव्हा माझं वय एकतीस होतं आणि दिसायला मी पंचविशीची दिसत होते. वकिलीत याच्याइतकी गैरसोयीची गोष्ट नाही. ज्यांच्या हाताखाली मी सहा वर्षं काम केलं त्या वकीलसाहेबांचे केस पांढरेशुभ्र, आवाज घोगरा. ते नुसते ‘हं’ म्हणाले तरी पक्षकाराला निम्मा दावा जिंकल्यासारखं वाटायचं. मी तेच ‘हं’ एकदा म्हणून पाहिलं. समोरचा माणूस म्हणाला, “ताई, साहेबांना विचारून सांगता का?”

तहसील कचेरीच्या रस्त्याला भाड्याचा गाळा मिळाला. त्यात सनमायकाचं नवंकोरं टेबल टाकलं, चार प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या, आणि दोन महिने वाट पाहिली. आलेले लोक दारातूनच आत डोकावायचे, टेबलाकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे आणि झेरॉक्सचं दुकान कुठे आहे ते विचारायचे.

तेव्हा मी ठरवलं, की आपलं वय वाढायला वेळ लागेल, पण टेबलाचं लगेच वाढवता येईल.

जुन्नरला एक सुतार जुनी दारं-खिडक्या, कपाटं विकत घेऊन दुरुस्त करतो. त्याच्याकडे सागवानी टेबल मिळालं, दोन्ही बाजूंना खण असलेलं, वर शाईचे डाग पडलेलं. सुतार ते डाग घासून काढायला निघाला होता. मी म्हटलं, “राहू द्या, डागासाठीच घेतेय.” नारायणगावच्या भंगारवाल्याकडे तीन शनिवार घालवले. त्याच्या ढिगातून पितळी दौत निघाली, गोल लाकडी रूळ निघाला, शाई टिपायचा झुलता टिपणा निघाला आणि वरून दाबली की टिंग वाजणारी घंटी निघाली. चावीचं एक घड्याळ मिळालं, ते दिवसाला वीस मिनिटं पुढे पळायचं.

पेनं ठेवायला मात्र काही मिळेना. मग एकदा अण्णा, म्हणजे माझे वडील, बेल्ह्याच्या बाजारात गाय बघायला निघाले तेव्हा त्यांच्या गाडीवर मागे बसून मीही गेले. बाजाराच्या कडेला एक माणूस दावी, घुंगरं आणि जुनी पितळी भांडी मांडून बसला होता. त्यात एक वस्तू होती, खाली पोट, मध्ये अरुंद गळा आणि वर फुलासारखा पसरलेला काठ. काठावर वेलबुट्टी कोरलेली.

“मोठ्या घरातली चीज हाय, ताई,” तो म्हणाला. “दिवाणखान्यात ठिवायचे.”

मी लगेच घेतली. अण्णांनी गायीवरची नजर क्षणभर काढून तिच्याकडे पाहिलं, मिशीतल्या मिशीत हसले आणि पुन्हा गायीचे दात बघायला लागले.

चिंच लावून घासली तेव्हा ती वस्तू सोन्यासारखी झाली. तिच्यात मी सगळी पेनं उभी केली आणि टेबलाच्या बरोबर मध्यभागी, आल्यागेल्याला दिसेल अशी ठेवली. अण्णा ऑफिस बघायला आले. टेबलाभोवती एक फेरी मारून म्हणाले, “लई म्हातारं केलंस गं त्याला.”

लोक आता आत येऊ लागले. खुर्चीवर बसू लागले. पण माझा हिशोब एका ठिकाणी चुकला होता. टेबल बघून सगळ्यांची खात्रीच पटायची की या ऑफिसात कुणीतरी मोठा, जुना वकील आहे, आणि मी त्याची मुलगी नाहीतर कारकून. एक गृहस्थ तर पाऊण तास बसले. शेवटी मी विचारलं, “काका, काम काय आहे?”

“साहेब आले की सांगतो.”

“मीच वकील आहे.”

“ते कळलं मला. पर मोठं साहेब कवा येत्यात?”

एका मंगळवारी सकाळी डोंगराकडच्या गावातून एक म्हातारबा आले. बरोबर त्यांची थोरली बहीण. हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, गाल फुगलेला. दोघं समोर बसली. म्हातारबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि मोठ्या साहेबांची चौकशी न करता थेट बोलायला सुरुवात केली.

“बाई, बापाची जमीन हाय. आमी दोघंच. हिचं नाव सातबाऱ्याला लावायचं राहिलं ते राहिलंच. माझ्या मागं पोरं भांडतील. तवा माझ्या डोळ्यादेखत हिला दोन खाचरं द्यायची. भाताची.”

माझ्याकडे आजवर भाऊ यायचे ते बहिणीचा हक्क सोडवून घ्यायला. मी खुर्चीत सरळ झाले. “आणि मावशी, तुमचं काय म्हणणं?”

मावशींनी हाताने ‘थांबा’ अशी खूण केली. तोंडात तंबाखू होती, बोलता येईना. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. मग टेबलावर नजर गेली आणि चेहरा खुलला. त्या पुढे सरकल्या, माझी पेनं एकेक करून काढून वहीवर ओळीने मांडली, ती पितळी वस्तू दोन्ही हातांनी उचलली आणि तिच्यात अगदी नेमकी पिंक टाकली. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, “बरं झालं बाई, पिकदाणी ठिवली. नायतर माणसाला सारखं बाहीर पळावं लागतं.”

म्हातारबांनी कपाळावर हात मारला. “अगं, त्यात पेनं व्हती! वकिलीणबाईंची!”

“पेनं कोण ठिवल पिकदाणीत?” मावशी म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांच्या ध्यानात आलं. “अगं बाई! तुला ठावंच न्हवतं व्हय?”

मी मान हलवली. मावशी आधी गालात, मग खदखदून हसायला लागल्या. म्हातारबा हसू दाबता दाबता खोकायला लागले. मग मलाही हसू आवरेना. त्या गाळ्यात मी इतकी कधीच हसले नव्हते. मोठ्या साहेबांसारखा चेहरा करून बसायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही.

हसणं ओसरल्यावर मावशी कामाचं बोलल्या. “मला न्हाई पायजे जमीन. लोक म्हणतील, बहिणीनं भावाच्या ताटातलं वढलं.”

“मावशी, ते देतायत म्हणून ती तुमची होत नाही,” मी म्हटलं. “वडिलांची आहे, म्हणजे तुमचीही आहेच. फक्त कागदावर यायची राहिलीय.”

मावशी डोळे बारीक करून भावाकडे वळल्या. “माझी हाय, तर मग हा देणारा कोण?”

“आता घ्या!” म्हातारबा म्हणाले.

“आन् कुठली दोन देणार हायेस? वरची? दगडगोट्याची? वढ्याकडची दे. तिथं पाणी टिकतं.”

“अगं, वढ्याकडची चांगली हायेत.”

“म्हणूनच म्हणते.”

अर्धा तास दोघं माझ्यासमोर भांडली. बांधावरचं आंब्याचं झाड, पायवाट, लहानपणी कुणी कुणाला चिखलात ढकललं होतं, सगळं निघालं. शेवटी एक खाचर ओढ्याकडचं आणि एक वरचं असं ठरलं. मी लिहून घेतलं आणि दोघांनाही वाचून दाखवलं. रागावलेलं कुणीच नव्हतं.

संध्याकाळी घरी गेल्यावर मी अण्णांना विचारलं, “ती पिकदाणी आहे हे तुम्हाला माहीत होतं?”

“व्हतं की.”

“मग बाजारात बोलला का नाहीत?”

“मला वाटलं तुला ठावं असंल. वकिलाकडं माणसं पान खाऊन येत्यात. म्हणलं, पोरीनं सोय बघितली.”

पिकदाणी मी फेकली नाही. धुऊन, घासून दाराजवळच्या स्टुलावर ठेवली. ही गोष्ट मावशींनी परतीच्या एसटीत सगळ्यांना सांगितली असावी, कारण पुढच्या आठवड्यापासून डोंगराकडचे लोक थेट ‘पिकदाणीवाल्या वकिलीणबाई’ म्हणून विचारत यायला लागले. मोठे साहेब कधी येतात असं त्यांच्यातल्या एकानेही विचारलं नाही. आपली चूक कळल्यावर हसणारी बाई त्यांना चालत असावी. टेबलावरची बाकीची मंडळी तशीच आहेत. घंटी मी दाबते ती चहावाल्याला ऐकू जावी म्हणून.

बहीण-भावाचं काम चार-पाच महिने चाललं. अर्ज, नोटिसा, जबाब, मग फेरफार. नोंद झाली त्या दिवशी दोघं नवा सातबारा घेऊन कचेरीतून बाहेर आली. मावशींनी मला त्यांचं नाव कुठे लिहिलंय ते बोटाने दाखवायला लावलं, दोनदा. मग म्हणाल्या, “चल, भजी खाऊ. पैसं मी देणार. आता मी जमीनवाली हाय.”

काळा कोट घालून मी स्टँडवर कधी खाल्लं नव्हतं. त्या दिवशी बाकड्यावर दोघांच्या मध्ये बसले. म्हातारबा मिरची बाजूला काढत होते आणि मावशी ती उचलून खात होत्या. तेवढ्यात त्यांची गाडी लागली. मावशी उठल्या, हात पदराला पुसले आणि भावाची वाट न बघता गर्दीत शिरल्या. मिनिटभराने खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला. शेजारच्या जागेवर पिशवी टाकून त्या ओरडत होत्या, “आरं ये की लवकर, जागा धरलीया!”